‘परिणाम आढळला नाही’ म्हणजे ‘परिणाम नाही’ असे समजावे का?

निरगुडी
आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चर्चा असते. गेल्या खेपेस विषय होता सरकारी आरोग्य विमा. बोलता बोलता वक्ते म्हणाले, “अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात प्रयोग करून सिद्ध झाले आहे की विमा दिल्याने प्रकृती सुधारत नाही.” माझ्या पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतले आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. त्या दोन रेघा माझ्या मनातून जाईनात, म्हणून घरी आल्यावर मूळ शोधनिबंध वाचायला घेतला.

हकिकत अशी. २००८ मध्ये ओरेगॉन सरकारकडे गरिबांच्या ‘मेडिकेड’ विम्यात सुमारे १०,००० नवीन माणसे घेण्याइतके पैसे होते आणि नावे आली जवळजवळ ९०,०००. तेव्हा म्हाडाच्या घरांसाठी काढतात तशी सोडत काढली गेली. एमी फिंकलस्टाइन, कॅथरीन बायकर या अर्थशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही संधी ओळखली. ज्यांचे नाव निघाले आणि ज्यांचे निघाले नाही त्यांच्यात नशिबाखेरीज दुसरा फरक नव्हता, त्यामुळे पुढे दोन्ही गटांत जे अंतर पडले ते विम्याचेच म्हणता येते. २०१३ मध्ये त्यांनी १२,२२९ लोकांच्या तपासण्यांवर आधारलेले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तीन महिन्यांची सरासरी साखर यांत सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोगाने पडला नसेल असे म्हणण्याइतका, फरक आढळला नाही. मात्र नैराश्याची लक्षणे असणाऱ्यांचे प्रमाण ९.१५ टक्केबिंदूंनी, म्हणजे मूळ प्रमाणाच्या सुमारे ३० टक्क्यांनी घटले आणि औषधोपचारापायी कंबरडे मोडणारा खर्च जवळजवळ नाहीसा झाला.

वक्त्यांनी यातला पहिला भाग सांगितला आणि ‘आढळला नाही’चे ‘होत नाही’ केले. मी कनिष्ठ महाविद्यालयात पुष्कळ वर्षे संख्याशास्त्र शिकवले. उत्तरपत्रिकांत सर्वांत जास्त वेळा लाल शाईने खोडलेली चूक हीच होती. येथे भौतिकशास्त्र आणि गणित जाणणारे सभासद आहेत, म्हणून विचारते की आपल्याकडे एखादी गोष्ट सापडली नाही, तर तिला काय किंमत देतात?

उंबरठा
वाचनखूण साठवली आहे. जाणकारांच्या प्रतिसादांच्या प्रतीक्षेत.

अंशछेद
निरगुडीताई, आपली तळमळ समजते, परंतु मी थोडा असहमत आहे. विमा कंपनीत जोखमीचे गणित मांडणे हा माझा व्यवसाय आहे. धोरण ठरवणाऱ्याला अनंतकाळ थांबता येत नाही. बारा हजार माणसे तपासून दोन वर्षांनी जर फरक दिसत नसेल, तर तो असला तरी लहानच असणार, असे मानून पुढे जाणे मला गैर वाटत नाही. शिवाय त्याच प्रयोगातून २०१४ मध्ये असेही दिसले की विमा मिळालेल्यांचे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जाणे सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. हा खर्च कोणाच्या तरी कराच्या पैशातून होतो. ‘सिद्ध झालेले नाही’ ही पळवाट होऊ नये.

निरगुडी
अंशछेद, आपला आक्षेप रास्त आहे, म्हणून आकडेच मांडते.

विमा न मिळालेल्या गटात साखर वाढलेली होती ५.१ टक्के लोकांची. विम्यामुळे हे प्रमाण ०.९३ टक्केबिंदूंनी कमी झाले असा अंदाज निघाला, पण त्या अंदाजाच्या ९५ टक्के खात्रीच्या मर्यादा होत्या २.४४ ची घट ते ०.५९ ची वाढ. मध्ये शून्य येते म्हणून ‘लक्षणीय नाही’. आता दुसरे टोक पाहा. ५.१ पैकी २.४४ कमी होणे म्हणजे जवळजवळ निम्मी घट. साखर वाढलेल्यांचे प्रमाण निम्म्यावर येणे ही शक्यतासुद्धा या अभ्यासाने नाकारलेली नाही. मग ‘असला तरी लहानच’ हे कशाच्या आधारावर म्हणायचे?

असे का झाले, तेही सांगते. सोडतीत नाव निघालेल्या सर्वांनी अर्ज भरले नाहीत आणि भरलेल्यांतले काही अपात्र ठरले. त्यामुळे दोन्ही गटांतल्या विमाधारकांच्या प्रमाणात फरक पडला फक्त २४ टक्केबिंदूंचा. त्यात साखर वाढलेले मुळात शंभरात पाच. बारा हजारांचा आकडा ऐकायला मोठा वाटतो, परंतु ज्यांच्यात फरक दिसायचा ती माणसे मूठभर राहिली. बाजार समितीच्या दारातल्या ज्या भुईकाट्यावर कांद्याचे ट्रॅक्टर तोलतात, त्यावर मंगळसूत्र ठेवले तर काटा शून्यच दाखवील. त्यावरून मंगळसूत्राला वजन नाही असे कोणी म्हणणार नाही, काटा पाहून मग बोलेल.

आणि हे संशोधकांनी लपवलेले नाही. मधुमेहाची औषधे घेणारे किती वाढले आणि त्या औषधांनी साखर किती उतरायला हवी, याचा हिशेब त्यांनी निबंधातच केला आहे. ती अपेक्षित घट त्यांच्या मर्यादांच्या आत बसते.

रानवारा
भुईकाट्याचा दाखला मनात बसला. माझे सासरे अडते आहेत, त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, “काट्याला दहा किलोच्या खालचे कळत नाही, हे प्रत्येक हमालाला ठाऊक असते.”

तिसरी_पाळी
मी भौतिकशास्त्र शिकवतो. मूळ प्रश्नाला आमच्याकडचे उत्तर असे की न सापडण्याची किंमत दोन गोष्टींवर ठरते. शोधण्याआधी ‘किती सापडायला हवे’ हे कोणी सांगितले होते का, आणि तेवढे टिपण्याइतके यंत्र बारीक होते का.

याचे मला सर्वांत जवळचे वाटणारे उदाहरण कोलारच्या सोन्याच्या खाणीतले आहे. १९७४ मध्ये जॉर्जी आणि ग्लॅशो यांनी निसर्गातली तीन बले एकाच चौकटीत बसवणारा सिद्धान्त मांडला. त्यातून एक विलक्षण गोष्ट निघत होती, ती म्हणजे प्रोटॉन अमर नाही. त्याचे सरासरी आयुष्य साधारण १० चा ३१ वा घात इतकी वर्षे निघे. एवढी वर्षे कोण थांबणार? पण एका प्रोटॉनकडे इतका काळ पाहत बसण्याऐवजी पुष्कळ प्रोटॉनांकडे थोडी वर्षे पाहता येते. १,००० टन पाण्यात ३ गुणिले १० चा ३२ वा घात इतके प्रोटॉन असतात, म्हणजे सिद्धान्त बरोबर असेल तर वर्षाला तीसच्या आसपास प्रोटॉन फुटताना दिसायला हवेत.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी शास्त्रज्ञांच्या साथीने कोलारला जमिनीखाली सुमारे २.३ किलोमीटरवर, लोखंडाच्या पट्ट्यांचे थर आणि त्यांच्यामध्ये कण टिपणाऱ्या नळ्या असे १४० टनांचे उपकरण उभे केले. एवढे खोल जायचे ते आकाशातून येणारे कण वरच्या खडकात अडावेत म्हणून. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्या गटाने प्रोटॉनच्या क्षयासारख्या दिसणाऱ्या काही मोजक्या घटना जाहीर केल्या. जगाचे लक्ष कोलारकडे लागले. मग अमेरिकेत क्लीव्हलंडजवळच्या मिठाच्या खाणीत आणि जपानमध्ये कामिओकाला हजारो टन पाण्याच्या टाक्या सज्ज झाल्या. त्यांना काही सापडले नाही. या न सापडण्याने तो सिद्धान्त, निदान त्याच्या साध्या रूपात, बाद झाला. आज कामिओकाच्या ५०,००० टनांच्या टाकीनेही प्रोटॉन फुटताना पाहिलेला नाही. त्याच्या क्षयाच्या एका प्रमुख मार्गासाठी आयुष्याची खालची मर्यादा २.४ गुणिले १० चा ३४ वा घात वर्षे इथवर गेली आहे.

येथे शब्दांकडे लक्ष द्यावे. ‘प्रोटॉनचा क्षय होत नाही’ असे त्या निबंधात कोठेही लिहिलेले नसते. ‘होत असेल तर याहून सावकाश होतो’ असे लिहिलेले असते. क्लीव्हलंडलाच १८८७ मध्ये मायकेलसन आणि मॉर्ली ईथर, म्हणजे प्रकाश ज्यातून पसरतो असे तेव्हा मानत ते माध्यम, शोधायला बसले, तेव्हाही त्यांच्या उपकरणातल्या प्रकाशाच्या पट्ट्या एका पट्टीच्या रुंदीच्या ०.४ इतक्या सरकतील असे आधी काढलेले होते आणि प्रत्यक्षातले सरकणे त्याच्या विसाव्या भागाहूनही कमी भरले. आधी सांगितलेला आकडा नसता, तर त्या शून्याकडे कोणी वळूनही पाहिले नसते.

उंबरठा
मग कोलारला दिसलेल्या त्या घटना काय होत्या?

तिसरी_पाळी
न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण खडकातून आरपार येतात आणि कधी उपकरणातच आदळून तशाच रेघा उमटवतात. एवढ्या थोड्या घटनांत दोन्ही वेगळे करणे अवघड असते. कोलारचे नाव मात्र त्याहून मोठ्या कामासाठी घ्यायला हवे. वातावरणात जन्मणारे न्यूट्रिनो टिपण्याचे काम १९६५ मध्ये याच खाणीत, जगात अगदी प्रथम टिपणाऱ्यांच्या बरोबरीने झाले. २००१ मध्ये खाण बंद झाली याचे मला आजही वाईट वाटते.

मूळअवयव
गणितात न सापडण्याला अजिबात किंमत नाही. हे कठोर वाटेल, म्हणून दाखवतो.

कोणतीही संख्या घ्या आणि तिचे मूळ अवयव मोजा. १२ म्हणजे २ गुणिले २ गुणिले ३, म्हणजे तीन अवयव, विषम. १० म्हणजे २ गुणिले ५, दोन अवयव, सम. १९१९ मध्ये पोल्या यांनी अंदाज बांधला की २ पासून पुढे कोठेही थांबा, तोवरच्या संख्यांत ‘सम’वाल्या संख्या कधीच ‘विषम’वाल्यांच्या पुढे जाणार नाहीत. शंभरपर्यंत पाहा, खरे. लाखापर्यंत, कोटीपर्यंत पाहा, खरेच. १९५८ मध्ये हॅसलग्रोव्ह यांनी हे कोठेतरी मोडते असे सिद्ध केले आणि १९८० मध्ये तनाका यांनी ते पहिल्यांदा नेमके कोठे मोडते तेही दाखवले. ती संख्या आहे ९०,६१,५०,२५७. नव्वद कोटींहून अधिक वेळा तपासून एकही अपवाद सापडला नव्हता!

मूळ अवयवांच्या अशाच मोजणीवरचा मर्टेन्स यांचा अंदाज तर याहून विलक्षण आहे. १९८५ मध्ये ओडलिझ्को आणि ते रील यांनी तो खोटा ठरवला, पण तो नेमका कोणत्या संख्येला मोडतो हे आजही कोणी दाखवलेले नाही. म्हणजे अपवाद ‘आढळलेला नाही’, आणि तरीही तो आहे याची सिद्धता आहे. निरगुडीताईंच्या प्रश्नाचे याहून चोख उत्तर मला सुचत नाही.

दारणाकाठ
मूळअवयव, ‘अजिबात किंमत नाही’ याला माझी हरकत आहे. मी देवळालीचा. आमच्या गावातल्या शाळेत द. रा. कापरेकर १९३० ते १९६२ शिकवत होते. त्यांचा ६१७४ हा स्थिरांक पाहा. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली वजा करा आणि हेच पुन्हा पुन्हा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या येथेच येते. चार अंकी संख्या दहा हजारांच्या आतच आहेत. त्या सगळ्या तपासल्या आणि एकही अपवाद सापडला नाही, तर ही सिद्धता झाली ना?

मूळअवयव
मान्य, माझे वाक्य सैल होते. जेथे कोपरा न् कोपरा पाहता येतो तेथे न सापडणे ही पूर्ण सिद्धताच आहे. संख्यांना अंत नसेल तेथे नाही. दुरुस्तीबद्दल मनापासून आभार. कापरेकरांचे पाठ्यपुस्तकाबाहेरचे गणित माझ्या आजोबांनी मला आठवीत असताना दाखवले होते, त्यामुळे त्यांचे नाव या धाग्यावर आलेले पाहून फार बरे वाटले.

खिडकी_क्रमांक_४
सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. मी एका रुग्णालयात आरोग्यमित्र म्हणून काम करतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे रुग्ण आधी माझ्या खिडकीशी येतात. गणित मला फारसे कळत नाही, पण ‘विमा मिळाला’ या दोन शब्दांत काय काय असते ते सांगावेसे वाटते.

मागच्या महिन्यात एक आजी आल्या होत्या. केशरी शिधापत्रिका होती, आधार होते, हृदयाची तक्रार योजनेत बसत होती. शिधापत्रिकेवर नाव ‘सखुबाई’ आणि आधारवर ‘सकूबाई’. दुरुस्तीसाठी त्यांना तालुक्याला पाठवावे लागले. मुलगा रोजंदारीवर जाणारा, त्याचे दोन दिवस बुडाले. त्या परत आल्या आणि त्यांचे काम झाले, पण सगळ्याच परत येत नाहीत. परत न आलेल्या माणसालाही कागदावर विमा असतो. कोणी अभ्यास केला तर तो ‘विमा मिळालेल्यां’त मोजला जाईल आणि त्याच्या प्रकृतीत फरक आढळणार नाही.

घटप्रभा
खिडकी_क्रमांक_४ दादा, आपण जे लिहिले ते कर्नाटकात मोजले गेले आहे. मी बेळगावची, सार्वजनिक आरोग्य हा माझा विषय. अनुप मलानी आणि सहकाऱ्यांनी १०,८७९ कुटुंबांवर प्रयोग केला. रुग्णालयातल्या उपचारांसाठीचा राष्ट्रीय स्वास्थ्य विमा काहींना फुकट, काहींना विकत आणि काहींना नाही, असे चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटप केले. विम्याचा वापर वाढला, पण प्रकृतीच्या बहुतेक मोजमापांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्याच वेळी असेही दिसले की पुष्कळांनी विमा वापरायचा प्रयत्न केला आणि त्यांना तो वापरता आला नाही. कोणी कार्ड विसरले, कोठे रुग्णालयाने ते घेतले नाही, कोणाला तो कसा वापरायचा हेच ठाऊक नव्हते.

आता त्याच राज्यातला दुसरा अभ्यास पाहा. वाजपेयी आरोग्यश्री ही योजना २०१० मध्ये आधी उत्तर कर्नाटकात लागू झाली. नीरज सूद आणि सहकाऱ्यांनी योजनेच्या हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची मिळून ५७२ गावे घेतली. हृदयविकार आणि कर्करोग यांसारख्या, योजनेत मोडणाऱ्या आजारांनी झालेल्या मृत्यूंचे प्रमाण दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांत हद्दीच्या आत ०.३२ टक्के आणि हद्दीबाहेर ०.९० टक्के निघाले. ही सोडत नव्हती, त्यामुळे पुरावा तितका निर्मळ नाही, हे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. परंतु ती योजना गंभीर आणि महाग उपचारांची होती, गावोगाव तपासणी शिबिरे घेऊन रुग्ण शोधत होती, आणि मोजले गेले ते नेमके त्याच आजारांचे मृत्यू. मंगळसूत्र सराफाच्या काट्यावर ठेवले होते.

अंशछेद
घटप्रभाताईंचा प्रतिसाद वाचून मी माझे आधीचे मत थोडे बदलतो, पण एक नवीन शंका मांडतो. प्रोटॉन कोलारचा आणि कामिओकाचा एकच असतो. ३५२४ ही संख्या देवळालीत आणि बुडापेस्टात सारखीच वागते. माणसे आणि रुग्णालये तशी नसतात. ओरेगॉनमधला गरीब माणूस विमा नसतानाही तातडीच्या विभागात जाऊ शकत होता, त्यामुळे तेथे विम्याने पडणारा फरक वेगळा. तेव्हा अर्थशास्त्रातला ‘आढळला’ हा शब्दही त्या गावापुरता आणि त्या काळापुरताच घ्यायला हवा, केवळ ‘आढळला नाही’ एवढाच नव्हे. वाचनालयातल्या वक्त्यांची चूक दुहेरी होती. त्यांनी ‘नाही’ ताणले आणि ओरेगॉनही ताणले.

तिसरी_पाळी
पूर्ण सहमत. आमच्या शास्त्राचे हे मोठे भाग्य आहे की प्रोटॉनला शिधापत्रिका लागत नाही.

दूरदेशी_कोल्हापूर
उशिरा आलो. अमेरिकेत राहतो, म्हणून येथल्याच एका अभ्यासाची भर घालतो. तो मूळ प्रश्नाशी थेट भिडतो.

विमा न घेतल्याबद्दल ज्यांनी दंड भरला होता अशा ४५ लाख कुटुंबांना करखात्याने साधे माहितीपत्र पाठवायचे ठरवले. पैसे कमी पडले, म्हणून यादृच्छिक निवड करून ३९ लाखांनाच पत्रे गेली आणि उरलेली कुटुंबे आपोआप तुलनेचा गट झाली. जेकब गोल्डिन, इथन लुरी आणि जॅनेट मॅककबिन यांचा त्यावरचा निबंध २०२१ मध्ये आला. पत्र मिळाल्यावर काहींनी विमा घेतला आणि पुढच्या दोन वर्षांत ४५ ते ६४ वयाच्या लोकांत मृत्यू कमी झाले. किती कमी? पत्र मिळालेल्या दर १,६४८ माणसांमागे एक मृत्यू.

हा परिणाम बारा हजार माणसांच्या अभ्यासात कसा दिसणार होता? मी हा आकडा प्रथम वाचला तेव्हा पुष्कळ वेळ नुसता बसून राहिलो. एका पाकिटाच्या खर्चात होणारी ही गोष्ट, आणि लाखो घरे मोजली नसती तर तीही ‘आढळली नाही’ या रकान्यात गेली असती.

खिडकी_क्रमांक_४
१,६४८ मागे एक. माझ्या खिडकीशी एवढी माणसे वर्षभरात सहज येतात. उद्यापासून नावातल्या फरकामुळे परत पाठवाव्या लागलेल्यांची वेगळी वही ठेवतो. तारीख, गाव, कागद कोणता अडला आणि रुग्ण परत आला की नाही. घटप्रभाताई, आणखी कोणते रकाने असावेत?

घटप्रभा
परत आला असल्यास किती दिवसांनी आला, हे नक्की लिहा. आणि आजार कोणता होता, तेही. नावे वहीत घेऊ नका, क्रमांक द्या. महिनाभराने मला कळवा, तक्ता मी करून देते.

निरगुडी
येत्या रविवारी वाचनालयात पुन्हा चर्चा आहे. वक्त्यांशी फोनवर बोलले. ते मोकळ्या मनाचे आहेत, पाच मिनिटे मला देतो म्हणाले. वहीत दोन रेघा मारणाऱ्या गृहस्थांना लिहून द्यायला असे वाक्य केले आहे:

‘ओरेगॉनमधल्या १२,२२९ लोकांच्या अभ्यासात विम्यामुळे नैराश्य आणि मोठ्या खर्चाचा बोजा कमी झालेला दिसला. साखर आणि रक्तदाब यांवरचा परिणाम त्या अभ्यासाला टिपता आला नाही, आणि तो साखरेच्या बाबतीत शून्यापासून निम्म्या घटीपर्यंत काहीही असू शकतो.’

कोणाला काही सुधारायचे असल्यास शनिवारपर्यंत सांगावे.

अंशछेद
दोन गोष्टी. ‘सुमारे दोन वर्षांत’ हे शब्द राहिले आहेत. आणि मर्यादांचे दुसरे टोक थोड्या वाढीचे होते, त्यामुळे ‘शून्यापासून’च्या जागी ‘किंचित वाढीपासून’ हवे.

निरगुडी
दोन्ही बरोबर. बदलले.